अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं टॉवेल-चादरीचं दुकान: माल चांगला आणि कारखाना त्याहून चांगला

दुकानाचं नाव टाकत नाहीये कारण मालकांनीच नको म्हणून सांगितलं, पण सोलापूरकरांना कळेल, पुढं छोटं काउंटर आणि मागं यंत्रमाग अशी जी युनिटं आहेत त्यातलंच हे एक.

आधी मालाचं सांगतो. टेरी टॉवेल एक नंबर, पाणी पटकन ओढतो, पहिल्या एक-दोन धुण्यात कापूस निघतो नंतर बंद. जेकार्डची चादर चांगली जड, रंग उतरला नाही. बाहेरगावचा माल सोलापुरी म्हणून खपवणारे भरपूर झालेत, सोलापुरी चादरीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय तरी, त्यामुळं डोळ्यासमोर विणलेली चादर घेण्यात समाधान आहे. टॉवेलमागं वीसेक रुपये जास्त पडतात, ते का ते पुढं सांगतो.

मी मालकांना, म्हणजे अण्णांना म्हणलं आत कारखाना बघू का, तर लगेच घेऊन गेले. दोन्ही बाजूची दारं मोकळी, दारापुढं एक गठ्ठा नाही. मे 2025 मध्ये याच एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागून 8 जण गेले, त्यात लहान लेकरू पण होतं, ते आठवलं की अजून पोटात कालवतं. त्यानंतर अण्णांनी वर राहणारी कामगारांची बिऱ्हाडं बाहेर खोल्या बघून हलवली आणि अर्धं भाडं स्वतः देतात. शिलाईच्या बायांना मास्क, जूनमध्ये पोरांच्या वह्या-पुस्तकांचे पैसे, आणि उचल घेतलेल्या माणसाच्या घरी आजारपण असेल तर त्या महिन्यात कापत नाहीत. सूत रंगवायला पण पाणी शुद्ध करून सोडणाऱ्याकडंच देतात, तिथं दर जास्त आहे. वीस रुपये इथंच जातात.

आता यातलं काही सीएसआर म्हणून, म्हणजे कंपन्यांना समाजासाठी करावा लागणारा खर्च म्हणून, सरकारनं मागितलेलं नाही हे लक्षात घ्या. कंपनी कायदा 2013 चं कलम 135 लागतं ते नेटवर्थ 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी यातलं एक तरी गाठणाऱ्या कंपनीला, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करावा लागतो. आपल्याकडचे बहुतेक कारखानदार प्रोप्रायटर नाहीतर पार्टनरशिपवाले, त्यांना ते कलम लागतच नाही. ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) आणि पीएफ वेगळं, ते लागू असेल तिथं द्यावंच लागतं, ते देऊन कुणी समाजसेवा केली म्हणू नये.

मग का करता विचारलं तर अण्णा सरळ बोलले, "चांगला कारागीर पुण्याला गेला की माझा माग बंद पडतो, नवा माणूस तयार करायला किती महिने जातात. आणि तो माझ्याच गल्लीत राहतो ओ, देवळात रोज तोंड दिसतं." एक्सपोर्टचा माल घेणारा मुंबईचा व्यापारी पण हल्ली पगाराचं रजिस्टर, बालकामगार, रंगाचं पाणी सगळं विचारतो, त्याची ऑर्डर टिकते हा पण फायदा आहेच, तो त्यांनी लपवला नाही. मला तेच आवडलं. स्वतःचा धंदा टिकावा म्हणून कामगाराला नीट वागवलं तर त्यात कमीपणा काय, मोठ्या कंपनीत मालक आणि कामगार एकमेकांना बघत पण नाहीत, इथं पाळी सुटली की एकाच टपरीवर चहा पितात, वाईट वागून तोंड लपवायला जागाच नाही. उलट एका ठिकाणी मी बघितलंय, सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेला अन्नदानाचा भला मोठा फ्लेक्स आणि कारखान्यात बायांना साधा धड संडास नाही. दान जरूर करा, पण आधी आतल्या माणसांचं बघा असं माझं स्पष्ट मत आहे.

कमी काय म्हणाल तर रंग फार थोडे, लहान मुलांचे टॉवेल नाहीत आणि कार्ड चालत नाही, फोनपे किंवा रोख. हॉटेलवाल्यांना मोठ्या ऑर्डरवर पण फारशी सूट देत नाहीत, अण्णा म्हणतात सूट दिली तर कुणाच्या तरी मजुरीतनं काढावी लागेल.

लग्नसराईत आहेराच्या चादरी घ्यायच्या असतील तर दोन-तीन आठवडे आधी सांगून ठेवा, ऐनवेळी डबल बेडच्या मिळत नाहीत.