बीट: ज्यूस घ्यायचा, कोशिंबीर खायची की उकडून?

आमच्याकडे जळगावात सध्या एक दिवस सोडून किलोभर बीट येतंय. आईला बीपी, वहिनीचं हिमोग्लोबिन ९ वर आलेलं, दादाला मागच्या उन्हाळ्यात मुतखडा झाला, आणि तिघांनाही कोणी ना कोणी सांगून गेलं की बीट खा. पण ज्याचं दुखणं जसं तसं बीट घ्यावं लागतं, म्हणून हे लिहून राहिले.

बीपीसाठी ज्यूस पुढे. बीटात नायट्रेट भरपूर असतं, जिभेवरचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, पुढे त्याचं नायट्रिक ऑक्साइड होतं आणि रक्तवाहिन्या सैल पडतात. २०१५ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी बीपीच्या पेशंटना ४ आठवडे रोज २५० मिली ज्यूस दिला तर वरचं बीपी सरासरी ८ च्या आसपास उतरलं, पण ज्यूस बंद केला तसं परत चढलं. म्हणून आईला हात जोडून सांगितलंय, ज्यूस पी पण गोळी सोडू नको. आणि रोज माउथवॉश वापरत असाल तर ते बॅक्टेरियाच मरतात, मग फायदाही कमी होतो.

शुगर असेल तर ज्यूस नकोच. १०० ग्रॅम बीटात ७ ग्रॅमच्या आसपास साखर असते, ग्लासभर ज्यूसला दोन-तीन बीट लागतात आणि चोथा गाळून टाकला की फायबर गेलं. त्यापेक्षा अर्ध्या बीटाची कोशिंबीर भाकरीसोबत खा.

आता रक्त वाढण्याचं. रंग लाल म्हणून बीटाने रक्त वाढतं असं सगळेच म्हणतात, पण तो रंग बीटानिनचा, लोहाचा नाही. १०० ग्रॅममध्ये लोह १ मिलिग्रॅमसुद्धा नसतं आणि बाईला आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या) हिशोबाने दिवसाला २९ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे नुसत्या बीटावर वहिनीचं हिमोग्लोबिन वाढणार नाही. फोलेट (एक बी जीवनसत्त्व) मात्र चांगलं असतं, तेही रक्त बनायला लागतंच, म्हणून बीट बंद करू नका, फक्त भिस्त त्याच्यावर ठेवू नका. बाजरीच्या १०० ग्रॅम पिठात ६ मिलिग्रॅमच्या वर लोह आहे. वहिनीला आम्ही बाजरीची भाकरी आणि कच्च्या बीटाचा किस देतो, वर लिंबू पिळून कारण लिंबाने लोह अंगी लागतं, आणि जेवणावर लगेच चहा बंद केलाय. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या चालूच आहेत.

दादाचं उलट. बीटात ऑक्झलेट (ज्याचा मुतखडा बनतो ते द्रव्य) जास्त, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, घाम जास्त नि लघवी कमी, त्यात ऑक्झलेटचा खडा होऊन गेलेला माणूस रोज ज्यूस प्यायला लागला तर कसं चालेल? त्याला क्वचितच देतो, तेही फोडी उकडून, पाणी फेकून, दह्यात कालवून. दह्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटला पोटातच धरतं. हेच दही वहिनीच्या किसात घालत नाही, कारण कॅल्शियम लोहालाही अडवतं. किडनीच कमजोर असेल तर बीटातल्या पोटॅशियमचा प्रश्न येतो, तिथे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बीट कोणत्याच प्रकारे नको.

बीट खाल्ल्यावर काहींना लघवी लाल होते, वहिनी पहिल्या दिवशी रडायलाच लागलेली. एक-दोन दिवसांत ते जातं. बीट न खाता लाल झाली तर मात्र त्याच दिवशी तपासून घ्या.