काचा पुसणाऱ्याने भिंतीचं काम घ्यावं का? वीस लिटरचा कॅन, सोळा लिटरचा पंप आणि माझं एक वर्ष

आधी तारे देऊन टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका. भिंतीवरचं शेवाळ मारायच्या औषधाला पाचपैकी चार. पाठीवरच्या पंपाला दोन. आणि ही दोन्ही घेऊन लोकांच्या भिंती साफ करायला निघालेल्या मला, पहिल्या सहा महिन्यांसाठी, दीड.

मी वेल्समध्ये स्वान्सीला काचा पुसतो. बायको नर्स आहे, तिच्यामागून 2022 साली इकडं आलो. गावाकडं तासगावला द्राक्षबाग. इथं एक जुनी व्हॅन, तिच्यात 350 लिटरची टाकी, गाळणी आणि कार्बन फायबरचा लांब पोल. पोलच्या टोकाला ब्रश, ब्रशातून शुद्ध पाणी. जमिनीवर उभं राहून दुसऱ्या मजल्याची काच धुवायची आणि तशीच सोडून द्यायची. पाण्यात क्षार शून्य असले की काच वाळताना डाग पडत नाही, फडकं लागत नाही. शिडी जवळपास लागतच नाही. स्वान्सीचं नळाचं पाणी मुळातच मऊ आहे, त्यामुळं गाळणीतलं रेझिन, म्हणजे क्षार पकडून ठेवणारे दाणे, भरपूर टिकतं. इंग्लंडच्या दक्षिणेला खडूच्या दगडातून येणाऱ्या जड पाण्यावर धंदा करणारे माझ्यावर जळतात. आमच्या बोरच्या पाण्याने बादलीला कसा पांढरा थर चढायचा हे त्यांना सांगितलं तर त्यांना जरा बरं वाटेल.

तीन बेडरूमच्या घराच्या काचांचे मी 16 पौंड घेतो, दर सहा आठवड्यांनी. गिऱ्हाईक पैसे देता देता हमखास मान वर करून म्हणतं, "भिंतीचं पण करता का हो?"

इथं बाहेरच्या गिलाव्याला रेंडर म्हणतात. पांढरा, मलई रंगाचा, दिसायला झकास. चार-पाच वर्षांत उत्तरेकडची बाजू हिरवी पडते. नवीन घरं आणि बाहेरून इन्सुलेशनचे बोर्ड लावलेली जुनी घरं यांना हे लवकर होतं, आणि त्याचं कारण कळल्यावर मला गंमत वाटली. जुन्या भिंतीतून घरातली ऊब बाहेर झिरपायची, भिंत कोमट राहायची, वाळायची. वेल्श सरकारच्या आर्बेड योजनेत 2009 पासून कितीतरी चाळवजा घरांना बाहेरून असं जाकीट चढलं. आता ऊब आत राहते, बिल कमी येतं, पण बाहेरचा थर रात्री गार पडतो, त्यावर दव बसतं आणि सकाळी सूर्य त्या बाजूला फिरकत नाही. शेवाळाला याहून जास्त काय पाहिजे?

पहिल्यांदा हो म्हणायच्या आधी मी महिनाभर नुसत्या भिंती बघत हिंडलो. स्वान्सीच्याच स्केटी भागात एका घराची बाजूची भिंत वरपासून खालपर्यंत हिरवीगार होती, आणि त्या हिरव्याच्या मधोमध एक वीतभर रुंदीचा पट्टा एकदम स्वच्छ, जणू कालच रंगवला. वर बघितलं तर पट्टा जिथून सुरू होतो तिथं भिंतीतून तांब्याची जुनी ओव्हरफ्लो नळी बाहेर आलेली. नळीच्या तोंडाला मोरचुदी रंगाचा गंज. पावसाचं पाणी त्या तांब्यावरून ओघळून भिंतीवर उतरत होतं आणि जिथं उतरत होतं तिथं शेवाळ नव्हतं. मी तिथंच पोल टेकवून उभा राहिलो. मोरचूद आणि चुना कालवून बोर्डो मिश्रण करायचं आणि द्राक्षाच्या केवडा रोगावर मारायचं, हे मी सातवीत असल्यापासून बघतोय. आबांच्या लुंगीवरचे ते निळे डाग. तेव्हा डोक्यात उजेड पडला की हे धुण्याचं काम नाही. ही फवारणी आहे.

माझा पुढचा सगळा रिव्ह्यू या एका वाक्याचा पसारा आहे. काचवाले या कामात फसतात कारण ते धुवायला जातात. प्रेशर वॉशर भाड्याने आणतात, जोर लावतात. हिरवं निघतं, सोबत गिलाव्याचा वरचा दाणाही निघतो, बारीक भेगांतून पाणी आत शिरतं, आणि भिंतीवर कंगव्यासारखे पट्टे उठतात ते कायमचे. मी अशी एक भिंत बघितली आहे. उन्हाची तिरीप आली की पट्टे अजून उठून दिसतात.

आता औषध. बेंझाल्कोनियम क्लोराईडचं 50 टक्के कॉन्सन्ट्रेट, धंद्यातले लोक बीएसी म्हणतात. हेच द्रव्य पाच-सात वेगवेगळ्या लेबलांखाली मिळतं, म्हणून मी कंपनीचं नाव घेत बसत नाही. विकत घेताना टक्केवारी वाचा, पुढच्या बाजूचं चित्र नको. वीस लिटरचा कॅन मला साधारण नव्वद पौंडांना पडला. लेबलाप्रमाणे एकास एकोणीस पाणी धरलं तर सोळा लिटरच्या पंपाला 800 मिली लागतं, म्हणजे एका कॅनमध्ये पंचवीस पंप. पंपाला साडेतीन पौंडांच्या आसपास. साधारण साठ चौरस मीटरची बाजूची भिंत एका पंपात निभावते. खर्चाच्या बाजूने बघाल तर हा धंदा सोन्याचा आहे. एका भिंतीचे मी 280 पौंड लावले, म्हणजे त्याच घराच्या काचा सतरा वेळा पुसल्यासारखं.

पंप भरताना पाणी आधी, औषध नंतर. हे साबणाच्या जातीचं आहे, उलटं केलंत तर फेस पंपाच्या तोंडातून बाहेर येऊन बुटात जातो. आबांनी फोनवर सांगितलं होतं, "पानी आधी, औषध मागनं. आन् वाऱ्याच्या तोंडाला उभा ऱ्हाऊ नगंस." पहिला सल्ला मी ऐकला नाही. दुसरा ऐकला, कारण स्वान्सीचा वारा समुद्रावरून येतो आणि तो विचारून येत नाही. सकाळी गवत हलत नसेल तरच सुरुवात करायची, नंतर निदान पुढचे बारा तास पाऊस नको, थंडीत दव गोठायला लागलं की काम बंद. या तीन अटींत बसणारे दिवस इथं किती मिळतात हे डायरीत बघितलं, तर ऑक्टोबरमध्ये चार.

पहिलं काम किले नावाच्या भागात. निवृत्त गृहस्थ, नीटनेटकी बाग, कुंड्यांवरसुद्धा नावाच्या पाट्या. मी भिंतीच्या पायथ्याची झाडं आधी साध्या पाण्याने भिजवली, प्लॅस्टिक टाकलं, काम झाल्यावर लगेच काढलं. शेजारच्यांना सांगून त्यांचं मांजर आत ठेवायला लावलं, कारण ओलं औषध पंजाला लागलं आणि मांजराने चाटलं तर त्याचं तोंड भाजतं. पलीकडं माशांचं तळं असेल तर मी ते कामच घेत नाही, माशांना हे विषच आहे. अंगणातली पावसाच्या पाण्याची जाळी झाकली. ती जाळी बऱ्याचदा थेट ओढ्याला जाते, आणि ओढ्यात औषध गेलं तर वेल्समध्ये तुमच्या दारात नॅचरल रिसोर्सेस वेल्स या सरकारी पर्यावरण संस्थेची माणसं उभी राहतील.

सगळं शिस्तीत झालं. आणि भिंत तशीच हिरवी.

इथं काचवाल्याची गोची होते. काचेच्या धंद्यात गिऱ्हाईक आत चहाचा कप घेऊन उभं असतं आणि बाहेर तुमचा ब्रश फिरला की त्याला त्याच क्षणी समुद्र दिसतो. पैसे त्या क्षणाचे असतात. बीएसी शेवाळाच्या पेशीचं आवरण फोडतं, पेशी मरते, पण मेलेलं शेवाळ भिंतीला चिकटूनच बसतं. ते पुढं पाऊस आणि वारा उतरवतो, त्यांच्या सवडीने. तिसऱ्या आठवड्यात गृहस्थांचा मेसेज: काहीही झालेलं नाही, उरलेले 140 पौंड तूर्त मिळणार नाहीत. मी काय बोलणार? मी सांगितलं होतं "थोडा वेळ लागतो". थोडा म्हणजे किती, हे मी सांगितलं नव्हतं. पाचव्या आठवड्यात हिरव्याचा तपकिरी झाला, म्हणजे अजून वाईट दिसायला लागलं. नवव्या आठवड्यात त्यांनी एक फोटो पाठवला. खाली एक शब्द नाही. मलई रंगाची भिंत, वर निळं आभाळ. दुसऱ्या दिवशी पैसे जमा. एक तारा मी याच नऊ आठवड्यांसाठी कापलाय. औषधाचा त्यात दोष नाही, पण वापरणाऱ्याला झोप लागत नाही.

पंपाबद्दल थोडक्यात. बॅटरीवाला घेतला, स्वस्तातला. दाब बरा, पाठीला पट्टे चांगले, पण त्याची नळी आणि कांडी वरच्या मजल्यापर्यंत पोचत नाही, आणि तासगावात कुणी दोन मजली द्राक्षवेल लावत नसल्यामुळं हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. चौथ्या महिन्यात ट्रिगरची स्प्रिंग गंजून तुटली. सील सुजले. दुकानदार म्हणाला केमिकल वापरलंत, वॉरंटी नाही. फवारणीच्या पंपात मी काय, उसाचा रस वापरणार होतो का?

तर वर पोचायचं म्हणून मी जे केलं ते आता लिहितो, कारण हा रिव्ह्यू वाचून कुणा एकाने जरी ते टाळलं तर माझी लाज कामी आली. व्हॅनमधल्या छोट्या पंपाचा पाइप औषधाच्या बादलीत टाकला आणि काचा धुवायच्याच पोलमधून, त्याच्याच होजमधून (नळीतून) औषध वर चढवलं. भिंत उत्तम झाली. संध्याकाळी होजमधून वीस मिनिटं पाणी सोडलं. दुसऱ्या दिवशी शनिवार, चौदा घरं. पहिल्या घरी ब्रशला जरा जास्त फेस दिसला, मला वाटलं काच फार मळलेली असेल. दुपारी ऊन पडलं आणि मेसेज सुरू झाले. वाळलेल्या काचांवर तेलकट ओघळ, इंद्रधनुष्यासारखे. बीएसी प्लॅस्टिकच्या नळीला आतून चिकटून बसतं आणि थोडं थोडं सुटत राहतं. रविवार आणि सोमवार मी चौदाही घरं फुकटात पुन्हा केली, नवीन होज घेऊन. मम्बल्समधल्या एक आजी खिडकी उघडून म्हणाल्या, "काल तुझी तब्येत बरी नव्हती का रे?" मी हो म्हणालो.

लाल भिंतींचं वेगळंच. काही ठिकाणी रेंडरवर गंजाच्या रंगाचे ओघळ दिसतात. लोक म्हणतात गिलाव्याच्या आतली जाळी गंजली. बहुतेक वेळा तेही शेवाळच असतं, ट्रेंटेपोलिया नावाचं. जातीने हिरवंच, पण अंगात गाजरासारखं रंगद्रव्य भरलेलं. बीएसीने ते मरतं आणि मेल्यावरही लालच राहतं, महिनोन् महिने. तिथं मी सोडियम हायपोक्लोराईट, म्हणजे ब्लीच, वापरून बघितलं, बारा टक्क्यांचं, एकास तीन पाणी. पंधरा मिनिटांत भिंत पांढरी. गिऱ्हाईक खूश, फोटो खास. पण माझं मन त्यात रमलं नाही. वास डोक्यात जातो, एक थेंब झाडावर पडला की पान जळतं, रंगवलेल्या लोखंडाला खातं, आणि चुकून कुठल्या ॲसिडवाल्या क्लीनरशी गाठ पडली तर विषारी क्लोरीन. चांगला मास्क, चष्मा, लांब हातमोजे, आणि मिनिटामिनिटाला स्वच्छ पाण्याने खळबळून धुणं. लाल भिंत असेल तर आता मी आधी कोपऱ्यात हातभर जागेवर करून दाखवतो आणि खरं गंजाचं निघालं तर काम सोडून देतो.

एक गोष्ट सगळे विसरतात: विमा. माझ्या पॉलिसीत काचा आणि पन्हाळी एवढंच लिहिलं होतं. भिंतीवर औषध मारून शेजाऱ्याच्या गाडीचा रंग गेला असता तर मी आणि माझी व्हॅन दोघंही विकले गेलो असतो. फोन करून ते काम त्यात घालून घेतलं, हप्ता वाढला, वाढू दे.

मग घ्यावं का? तुमच्या गिऱ्हाइकाला थांबायला लावता येत असेल तर घ्या. मी आता काम घेतानाच कागदावर लिहून देतो: आठ ते बारा आठवडे, मधे भिंत आणखी वाईट दिसेल, आणि काही वर्षांनी शेवाळ परत येईल. अर्धे लोक ते वाचून नको म्हणतात. उरलेल्यांपैकी कुणीही अजून पैसे अडवलेले नाहीत. पूर्ण रक्कम मात्र मी शेवटीच घेतो, फोटो आल्यावर.

स्केटीच्या त्या तांब्याच्या नळीवाल्या घराचं कामही शेवटी मिळालं. मालक म्हणाले, ती नळी आता कशाला जोडलेली नाही, वर चढलात की कापून टाका. मी म्हटलं, राहू दे की. दुसरा कॅन परवा आला, पोलसाठी वेगळी होज घेतली आहे, लाल रंगाची, आणि व्हॅनमध्ये ती डाव्या बाजूला लटकते. काचांसाठीची पिवळी, उजवीकडं.