सोलापूर-हैदराबाद ऑडिओ गाईड : लढाई चोख, कारभार उरकलेला

हा गाईड गाडीत लावून ऐकायचा आहे. मराठीत आहे, ट्रॅक २२, एकूण वेळ साधारण पावणेचार तास. विषय मेजर जनरल जयंतो नाथ चौधरी. सप्टेंबर १९४८ मध्ये पहिली चिलखती डिव्हिजन घेऊन ते सोलापूरहून निजामाच्या हद्दीत घुसले आणि आठवडाही झाला नव्हता तोच हैदराबाद संस्थानाचे लष्करी गव्हर्नर होऊन बसले. ज्या रस्त्याने रणगाडे गेले त्याच रस्त्याने गाडी हाकत हे ऐकायचं, ही कल्पना फक्कड आहे.

आधी वापराचं. सगळे ट्रॅक सोलापुरातच उतरवून घ्या, वाटेत रेंजच्या भरवशावर राहू नका. ट्रॅक जीपीएसवर आपोआप सुरू व्हायला हवेत, पण ते जुन्या गावातल्या ठिकाणांना बांधलेले आहेत. चौपदरी रस्ता गावाला वळसा घालतो तिथे गाडी त्या बिंदूपाशी जातच नाही, मग ट्रॅक गप्प राहतो आणि पुढचा मधूनच सुरू होतो. ‘आपोआप’ बंद करून शेजारी बसलेल्याच्या हाती फोन द्यावा. सोलापूर ते हैदराबाद अंतर ३०० किलोमीटरच्या थोडं वर भरतं. नळदुर्गला दोन तास धरले तर सकाळी सहाला निघालेलं बरं. बीदर वाटेवर नाही. जहीराबादहून तीसेक किलोमीटर आत जावं लागतं, हे गाईड सांगत नाही.

पहिले तीन ट्रॅक चौधरींच्या घडणीचे. जन्म कोलकात्याचा, १० जून १९०८. आई व्योमेशचंद्र बॅनर्जींची मुलगी. म्हणजे १८८५ साली मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाच्या अध्यक्षांचा हा नातू. मग सँडहर्स्ट, सातवं लाइट कॅव्हलरी, ब्रह्मदेशात सोळाव्या लाइट कॅव्हलरीची कमान. हे सगळं नेटकं आणि वेगात येतं. मिशांवरून पडलेलं ‘मुच्छू’ हे टोपणनाव मात्र इतक्या वेळा ऐकवलंय की तिसऱ्यांदा कंटाळा येतो.

गाईडचं खरं बळ नळदुर्ग ते जहीराबाद या पट्ट्यात आहे. १३ सप्टेंबरच्या पहाटे नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागणं का गरजेचं होतं, हे नकाशाशिवाय समजावणं अवघड, पण इथे ते साधलंय. जड रणगाडे आणि रसदीच्या गाड्या पावसाळ्यातल्या काळ्या मातीत उतरवता येत नाहीत. रस्ता सोडला की चाक रुतलं. म्हणून सगळी मदार एका डांबरी रस्त्यावर आणि त्यावरच्या पुलांवर. पूल उडाला असता तर पुढचं वेळापत्रकच कोसळलं असतं. चौधरींनी आघाडीच्या चार तुकड्या कशा पाडल्या तेही नीट उलगडलंय: वेगात पुढे घुसणारी स्ट्राइक फोर्स, रणगाडे आणि तोफांची स्मॅश फोर्स, शिवाय किल आणि वीर. पहिल्या दिवशी सकाळी जळकोट, संध्याकाळी उमरगा. दुसऱ्या दिवशी राजेश्वर, तेही टेम्पेस्ट विमानांनी वाटेतले दबा धरलेले लोक हुसकल्यावर. जहीराबादेजवळ सुरुंगांनी वेग मंदावला, तिथे निवेदकाचा आवाजही मंदावतो. ते छान जमलंय.

एक चूक या पट्ट्यातही आहे. ‘पहिल्याच दिवशी ६१ किलोमीटर कापून उमरगा’ हे वाक्य असं म्हटलंय की ऐकणारा सोलापूरपासून मोजतो आणि ओडोमीटर बघून गोंधळतो. ते ६१ किलोमीटर संस्थानाच्या हद्दीपासून आतले आहेत. सोलापूरहून उमरगा नव्वदीच्या पुढे आहे.

घसरण सुरू होते ती हैदराबादच्या वेशीवर. १७ सप्टेंबरला निजामाने युद्धबंदी जाहीर केली, १८ ला निजामाचे सेनापती जनरल एल इद्रूस यांनी चौधरींसमोर शरणागती दिली, इथवर सगळं मिनिटामिनिटाने. त्यानंतर १९४९ अखेरपर्यंतचा, पंधरा महिन्यांचा कारभार फक्त १४ मिनिटांत! पाच दिवसांना दोन तास आणि ज्या काळात मराठवाड्याच्या जमिनीचा मालक बदलला त्याला १४ मिनिटं. लष्करी गव्हर्नरावरचा गाईड म्हणून विकता आणि गव्हर्नरकीच गाळता, हा हिशेब बसत नाही.

त्या १४ मिनिटांत काय असायला हवं होतं? पहिलं म्हणजे अधिकाराची गंमत. निजाम गादीवरून उतरलेला नव्हता. त्याच्याच फर्मानाने कारभाराचे अधिकार लष्करी गव्हर्नरकडे आले, आणि चौधरी जे नियम काढत ते त्या अधिकारात. मुलकी बाजू सांभाळायला मुख्य मुलकी प्रशासक म्हणून डी. एस. बखले होते. गाईडमध्ये बखल्यांचं नावसुद्धा नाही. मराठी गाईडमध्ये!

दुसरं, जहागिरी. संस्थानाची जमीन ढोबळ मानाने तीन वाट्यांत होती: दिवाणी म्हणजे सरकारची सुमारे साठ टक्के, जहागिरी तीसेक टक्के आणि निजामाची खाजगी सर्फेखास दहा टक्क्यांच्या आसपास. १९४९ च्या फेब्रुवारीत सर्फेखास दिवाणीत मिळवली गेली, ऑगस्टमध्ये जहागिरी रद्द करणारा नियम आला. जहागिरदारांना भरपाई किती आणि कशी, याचा वेगळा नियम जानेवारी १९५० चा, म्हणजे चौधरी पायउतार झाल्यावरचा. गाईड दोन्ही एकाच वाक्यात चौधरींच्या नावावर टाकतो. या नियमांवर साल फसली, म्हणजे संस्थानाच्या महसुली कालगणनेचं असतं, तेही सांगायला हवं होतं. १३५८ फसलीत ५९० मिळवले की १९४८ येतं, पण फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं. त्यामुळे ऑगस्ट १९४९ चा जहागिरीचा नियम १३५८ चाच आणि जानेवारी १९५० चा भरपाईचा १३५९ चा. जुनी कागदपत्रं चाळणारे इथेच एका वर्षाने चुकतात. पैशाचंही तसंच. हाली शिक्क्याचे, म्हणजे निजामाच्या चलनाचे, सात रुपये म्हणजे कळदार (भारत सरकारचे) सहा. हे माहीत नसेल तर त्या काळचा कुठलाही आकडा फसवतो.

तिसरं, आणि सगळ्यात खटकणारं. सुंदरलाल समितीचा उल्लेख नाही. ही समिती केंद्र सरकारने पाठवलेली, १९४८ च्या शेवटी संस्थानात फिरली. पोलीस अ‍ॅक्शनच्या (सप्टेंबरच्या त्या लष्करी मोहिमेच्या) काळात आणि नंतर किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, असा तिचा अंदाज. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा. म्हणजे गाडी ज्या गावांवरून जाते त्यातली बरीच याच पट्ट्यातली. अहवाल कित्येक दशकं दडून राहिला. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांचे अत्याचार गाईड तपशिलाने सांगतो, त्यांचा म्होरक्या, लातूरचा वकील कासिम रझवीला अख्खा ट्रॅक देतो, आणि ते योग्यच आहे. पण लगेच पुढच्या आठवड्यांत, चौधरींच्या अमलाखाली जे घडलं त्यावर चिडीचूप. तेलंगणातल्या कम्युनिस्टांविरुद्ध याच राजवटीने सुरू केलेली लष्करी मोहीम ‘शांतता प्रस्थापित झाली’ या तीन शब्दांत गुंडाळलीय. तो लढा ऑक्टोबर १९५१ मध्ये मागे घेतला गेला, तोवर चौधरी जाऊन दोन वर्षं होत आली होती.

शेवटच्या ट्रॅकमध्ये पुढची कारकीर्द येते आणि तिथे एक घोडचूक आहे: चौधरींना ‘हैदराबाद आणि गोव्याचे लष्करी गव्हर्नर’ म्हटलंय. डिसेंबर १९६१ मध्ये ते दक्षिण कमांडचे प्रमुख म्हणून मोहिमेच्या वर होते. गोव्यात सैन्य नेलं ते सतराव्या डिव्हिजनचे मेजर जनरल के. पी. कँडेथ यांनी, आणि जून १९६२ पर्यंत तिथले लष्करी गव्हर्नरही तेच. नोव्हेंबर १९६२ मध्ये थापर यांच्या जागी सरसेनापती, १९६५ चं युद्ध, १९६६ मध्ये निवृत्ती, मग कॅनडात उच्चायुक्त, हे बरोबर आहे.

घ्यायचा असेल तर सप्टेंबरात घ्या. बोरीला पाणी असेल तर नळदुर्गच्या पाणी महालावरून नर-मादी धबधबे पडताना दिसतात, आणि पुलाचा ट्रॅक तिथे थांबून ऐकला तर पैसे वसूल होतात. जहीराबादनंतर बंद करून टाका.