स्क्रब टायफसचा पेपर आणि जर्नलचं पोर्टल: वर्षभराच्या वापरानंतर

मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या बहुतेकांना पेपर लिहिणं कसंबसं जमतं, पण तो जर्नलला पाठवायचा कसा हे कुणी शिकवत नाही. आम्ही विदर्भातल्या एका सरकारी कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजी विभागातले. पावसाळा संपत आला की आमच्याकडे तापाच्या रुग्णांत स्क्रब टायफस, म्हणजे माइट नावाच्या बारीक किड्याची अळी चावून होणारा जिवाणूजन्य ताप, हमखास निघतो. 2018 साली नागपूर आणि आसपास त्याची मोठी साथ आली, तेव्हापासून फिजिशियनही तपासणी मागवायला लागले. त्यातल्या काही हंगामांचा डेटा आम्ही संसर्गजन्य रोगांच्या एका आंतरराष्ट्रीय जर्नलला पाठवला. तिथून परत आला, मग दुसऱ्याला पाठवला, तिथे दुरुस्त्या झाल्या आणि छापून आला. दोन्ही जर्नल्सची नावं देत नाही, कारण अनुभव थोड्याफार फरकाने सगळीकडे असाच येतो.

आधी पोर्टलचं, म्हणजे पेपर पाठवायच्या वेबसाइटचं, सांगतो. जर्नल्स सहसा स्वतःचं पोर्टल बनवत नाहीत. मोठ्या प्रकाशकांची बरीच जर्नल्स एडिटोरियल मॅनेजर किंवा स्कॉलरवन यांपैकी एकावर चालतात. म्हणून एकदा हात बसला की पुढच्या वेळी निम्मं काम सोपं होतं. पहिल्यांदा मात्र एका बैठकीत आटपेल या भ्रमात राहू नका. मुख्य लेख एका फाइलमध्ये, लेखकांची नावं असलेलं टायटल पेज वेगळ्या फाइलमध्ये, कव्हर लेटर, प्रत्येक आकृती 300 डीपीआयमध्ये वेगळी, शिवाय स्ट्रोब चेकलिस्ट. ही चेकलिस्ट निरीक्षणात्मक अभ्यासांसाठी असते, तिच्यात 22 मुद्दे असतात आणि प्रत्येक मुद्द्यासमोर पान नंबर लिहायचा असतो. कंटाळवाणं काम आहे, पण ते लेख लिहायच्या आधी केलं तर लेख सुधारतो. आपल्याकडे सगळे ते सबमिशनच्या रात्री भरतात.

सगळं अपलोड झालं की पोर्टल स्वतः एक पीडीएफ बनवतं आणि ती उघडून तुम्हाला मंजूर करावी लागते. ती मंजुरी देईपर्यंत पेपर गेलेलाच नसतो. आमच्या पीडीएफमध्ये मायक्रोलिटरच्या जागी रिकामे चौकोन आले होते आणि एका टेबलचा शेवटचा रकाना, म्हणजे नेमका पी व्हॅल्यूचा, पानाबाहेर गेला होता. टेबल आडवं करून पुन्हा चढवलं. पीडीएफ पानन् पान बघा, मोबाइलवर नको, मोठ्या स्क्रीनवर.

वेळ जातो तो को-ऑथर मंडळींपायी. बऱ्याच जर्नल्समध्ये प्रत्येक लेखकाला कन्फर्मेशनची मेल जाते आणि प्रत्येकाला हितसंबंधांचा फॉर्म भरावा लागतो. आमच्यातले एक बदलीवर गेलेले, एक रेसिडेंट पास होऊन सुपरस्पेशालिटीला लागलेली, आणि एका सरांची मेल पोर्टलवर ज्या पत्त्याने नोंदवली होती तो पत्ता ते उघडतच नव्हते. शेवटी फोन करून, 'सर, स्पॅममध्ये बघा ना जरा,' असं म्हणत म्हणत सगळ्या सह्या झाल्या. लेखकांचा क्रम लॉगिन करायच्या आधी, सगळ्यांना समोर बसवून, ठरवून टाका. एकदा पेपर गेला की नाव घालायला किंवा काढायला सगळ्यांच्या लेखी संमतीचा फॉर्म लागतो आणि संपादक कारण विचारतात. आयसीएमजेई, म्हणजे वैद्यकीय जर्नल्सच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, तिच्या चार अटी सगळ्या पूर्ण केल्या तरच लेखक: कामात भरीव वाटा, मजकूर लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, अंतिम प्रतीला मंजुरी आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. विभागात खुर्ची आहे म्हणून नाव, ही पाचवी अट त्यात कुठेही नाही. ती आपल्या कॉलेजांत तयार झाली आहे आणि बढतीचे नियम पेपरवर अडकलेले आहेत तोवर ती जाणार नाही, असं माझं मत आहे.

एथिक्सबद्दल एवढंच की जुन्या केस पेपरवरून काढलेल्या डेटालाही कमिटीची मंजुरी लागते. रुग्णांची संमती घेतली नसेल तर संमतीतून सूट दिल्याचं त्या पत्रात स्पष्ट असावं लागतं. पत्राचा क्रमांक आणि तारीख लेखात टाकावी लागते. आयसीएमआरची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं हाताशी ठेवा, आणि आपली कमिटी केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे (डीएचआर) नोंदलेली आहे ना, ते काम सुरू करण्याआधीच विचारून घ्या. एका रुग्णाच्या काखेत अळी चावल्याजागी पडलेल्या खपलीचा फोटो आम्हाला द्यायचा होता. जर्नलचा संमतीचा फॉर्म इंग्रजीत, रुग्ण शेतमजूर. मराठी फॉर्मवर सही घेतली, सोबत इंग्रजी भाषांतर जोडलं आणि ते चाललं. चेहऱ्याचा फोटो असेल तर डोळ्यांवर काळी पट्टी मारून काम भागतं हा समज मात्र जुना झाला, हल्ली ती पुरेशी धरत नाहीत.

मग वाट बघणं. पोर्टलवर 'विथ एडिटर', 'अंडर रिव्ह्यू', 'रिक्वायर्ड रिव्ह्यूज कम्प्लीटेड' अशा पाट्या बदलत राहतात आणि एसटी स्टँडवरच्या उद्घोषणेइतकाच त्यांचा उपयोग होतो. पहिल्या जर्नलने रिव्ह्यूला, म्हणजे बाहेरच्या तज्ज्ञांकडे तपासायला, न पाठवताच लेख परत केला: विषय स्थानिक स्वरूपाचा, आमच्या वाचकवर्गाला प्राधान्याचा नाही. वाईट वाटलं, पण निदान लवकर कळवलं. त्याच मेलमध्ये प्रकाशकाच्या दुसऱ्या, पैसे घेणाऱ्या जर्नलकडे एका क्लिकवर लेख वळवण्याची सोय दिली होती. ती क्लिक करण्याआधी फीचं पान उघडा, मग ठरवा. दुसऱ्या जर्नलमध्ये 'अंडर रिव्ह्यू' इतके महिने लटकलं की पुढचा हंगाम सुरू झाला. नम्र शब्दांत एक मेल टाकली, तेव्हा उत्तर आलं की रिव्ह्यूअर मिळत नाहीत. सबमिट करताना सुचवायच्या रिव्ह्यूअरचे रकाने रिकामे सोडू नका, ते याचसाठी. फक्त आपले गाईड किंवा जुने सहकारी नकोत. तुम्ही ज्यांचे संदर्भ दिलेत आणि ज्यांच्याशी कधी एकत्र काम केलेलं नाही, अशांची नावं द्या, आणि ईमेल संस्थेचा द्या.

आता रिव्ह्यूचं, कारण एवढी सगळी यातायात ज्याच्यासाठी करायची ती गोष्ट ही आहे. दोन रिव्ह्यूअर होते. पहिल्याने इंग्रजी सुधारा म्हटलं आणि दोन संदर्भ घाला म्हटलं, संपलं. दुसऱ्याने आमचा घाम काढला. त्याचा पहिलाच प्रश्न: आयजीएम एलायझामध्ये (रक्तातल्या अँटिबॉडी शोधणाऱ्या चाचणीत) पॉझिटिव्ह ठरवण्यासाठी कटऑफ किती धरला आणि तो तुमच्या भागासाठी कसा काढला? आम्ही लिहिलं होतं 'किटच्या सूचनेनुसार'. आता स्क्रब टायफसमध्ये गोम अशी आहे की ज्या भागात हा आजार कायमचा आहे तिथल्या धडधाकट माणसांच्या रक्तातही थोड्याफार अँटिबॉडी सापडतात. म्हणून कटऑफ स्थानिक निरोगी लोकांच्या नमुन्यांवरून काढायचा असतो: त्यांच्या ऑप्टिकल डेन्सिटीची (चाचणीत आलेल्या रंगाच्या गडदपणाच्या आकड्याची) सरासरी घ्यायची आणि तिच्यात तीन स्टँडर्ड डेव्हिएशन मिळवायच्या. रक्तपेढीशी बोलून, एथिक्सची पुरवणी मंजुरी घेऊन, रक्तदात्यांच्या सिरमवर आम्ही तो काढला. काठावरचे काही पॉझिटिव्ह त्यामुळे निगेटिव्ह झाले. टेबलं पुन्हा करावी लागली, टक्केवारी थोडी खाली आली, निष्कर्ष टिकला.

दुसरा प्रश्न: दुसरं सिरम, म्हणजे रक्ताचा दुसरा नमुना, कुठे आहे? पहिल्या आणि दोन आठवड्यांनंतरच्या नमुन्यात अँटिबॉडीचं प्रमाण चौपट वाढलेलं दाखवणं हा पुरावा पक्का मानतात. पण आमचा रुग्ण डॉक्सीसायक्लिन सुरू झाल्यावर सहसा एक-दोन दिवसांत ताप उतरून घरी जातो, आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत तो फक्त रक्त द्यायला तालुक्याहून परत येत नाही. हे आम्ही जसंच्या तसं, फक्त सभ्य इंग्रजीत, उत्तरात लिहिलं आणि लेखात मर्यादा म्हणून नोंदवलं. रिव्ह्यूअरने मान्य केलं.

तिसरा प्रश्न खपलीचा. चिगर माइटची अळी चावते तिथे काळी खपली पडते, सिगारेटचा चटका बसल्यासारखी. ती दिसली की निदान जवळपास पक्कं. पण ती काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली, स्तनाखाली असते. गर्दीच्या ओपीडीत शर्ट वर न करता ती दिसणं शक्य नाही. आमच्या केस पेपरांत बहुतेक ठिकाणी खपली आहे असंही नव्हतं, नाही असंही नव्हतं. रिव्ह्यूअरचं म्हणणं, 'नोंद नाही' आणि 'खपली नाही' हे दोन रकाने वेगळे करा. बरोबरच होतं. त्या एका सूचनेनंतर मेडिसिनच्या सहकाऱ्यांनी तापाच्या केस पेपरवर खपलीचा वेगळा रकाना छापून घेतला.

मुद्द्यागणिक उत्तर लिहिताना रिव्ह्यूअरचं वाक्य आधी, त्याखाली आपलं उत्तर, त्याखाली कोणत्या ओळीत बदल केला ते. न पटणारं असेल तर कारण देऊन नाही म्हणा. सगळंच मान्य करणाऱ्या लेखकावर संपादकाचा विश्वास बसतो असं नाही. इंग्रजी सुधारायला आम्ही एआयचं साधन थोडं वापरलं होतं आणि तसं लेखात जाहीर केलं. आयसीएमजेईने 2023 पासून ते सांगणं बंधनकारक मानलं आहे, आणि चॅटबॉटला लेखक म्हणून लावता येत नाही. संदर्भ मात्र एकही त्याच्याकडून घेऊ नका, नसलेले पेपर तो बिनदिक्कत देतो.

पैशाचा भाग कडू आहे. वन नेशन वन सबस्क्रिप्शन या केंद्राच्या योजनेमुळे 1 जानेवारी 2025 पासून सरकारी कॉलेजांना 30 प्रकाशकांची जवळपास 13,000 जर्नल्स वाचायला मिळू लागली. संदर्भासाठी पुण्या-मुंबईच्या मित्रांना पीडीएफ मागायची वेळ कमी आली, हे मोठंच काम झालं. पण वाचायला मिळालं म्हणून छापायला फुकट होत नाही. पूर्ण ओपन ॲक्सेस, म्हणजे वाचकाला फुकट असलेल्या, जर्नलची लेखकाला पडणारी फी सहज लाख-दोन लाखांच्या घरात जाते. मोठ्या प्रकाशकांच्या गरीब देशांसाठीच्या सवलतीत भारत सहसा बसत नाही, कारण एकूण अर्थव्यवस्थेचा आकार मोठा. जिल्ह्याच्या कॉलेजातल्या असोसिएट प्रोफेसरचा पगार मात्र त्या आकारावरून ठरत नाही. म्हणून हायब्रिड जर्नल (ओपन ॲक्सेस आणि सबस्क्रिप्शन असे दोन्ही मार्ग देणारं) निवडून सबस्क्रिप्शनचा मार्ग घेतला तर लेखकाला सहसा फी पडत नाही. अमेरिकेच्या सीडीसीचं 1995 पासून निघणारं इमर्जिंग इन्फेक्शस डिसीजेस लेखकांकडून फी घेत नाही आणि वाचकांकडूनही नाही, पण तिथली स्पर्धाही तशीच आहे.

पेपर छापून आला की रोज सकाळी 'ग्रीटिंग्ज ऑफ द डे' ने सुरू होणाऱ्या मेल येतील. आठवड्याभरात रिव्ह्यू, 'एमिनंट' लेखक, विषय कुठलाही चालेल. फसव्या जर्नल्सची बील यांची यादी 2017 मध्ये बंद झाली, चांगल्या जर्नल्सची यूजीसी-केअर यादी 2025 मध्ये. तेव्हा आता यादीवर विसंबता येत नाही. जर्नल मेडलाइनमध्ये (वैद्यकीय लेखांची सूची) किंवा डीओएजेमध्ये (ओपन ॲक्सेस जर्नल्सची सूची) खरोखर आहे का, ते जर्नलच्या पानावर न बघता मेडलाइनच्या आणि डीओएजेच्याच साइटवर जाऊन बघा.

शेवटी प्रूफ, छपाईआधी तपासायला येतं ते. ते परत करायला 48 तास दिले होते, आणि नेमके दिवाळीचे. आपल्याकडे नावाचा घोळ ठरलेला: स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, आणि पोर्टलवर काही जण आडनाव आधी टाकतात. आमच्या प्रूफमध्ये एका को-ऑथरचं आडनाव तिच्या वडिलांचं नाव झालं होतं. तसंच छापलं असतं तर पबमेडवर तिच्या नावाने शोधल्यावर हा पेपर सापडला नसता. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी तर ऑर्किडचा, म्हणजे संशोधकाच्या कायमच्या ओळखीचा, 16 अंकी नंबर पहिल्या पेपरपासूनच काढून ठेवावा. फुकट आहे आणि पाच मिनिटांत मिळतो.