एक पगार की दोन? इंदूरच्या जोडप्यांसाठी हिशेब

नवरा पीथमपूरच्या कारखान्यात शिफ्टमध्ये, बायको सुपर कॉरिडॉरवर आयटीत, घरात दोन वर्षांचं मूल. कंपनीत कपातीची कुजबुज सुरू झाली की घरी विषय निघतोच: एकानं नोकरी सोडावी का? (एकानं म्हणजे सूनबाईंनी, हे उघड कुणी बोलत नाही.)

एका पगारात घराला उसंत मिळते, हे खरंच. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, नळ आले की टाकी भरायला माणूस हवा. कचरागाडीचं गाणं ऐकू आलं की ओला-सुका घेऊन खाली पळायचं. मुलाला ताप आला तर रजेसाठी साहेबाच्या विनवण्या नाहीत. पण सगळा भार एकाच नोकरीवर. इथली हुकुमचंद कापड मिल 12 डिसेंबर 1991 ला बंद पडली आणि कामगारांच्या थकलेल्या पैशांचा निकाल लागायला 2023 उजाडलं. एवढं पाहिलेल्या शहरात एका पगारावर विसंबायचं म्हणजे धाडसच.

दोन पगारांत खर्च वाढतो: पोळ्यांच्या बाई, पाळणाघर, रिक्षा. हा सगळा बायकोच्याच पगारातून वजा करून “उरतं काय?” म्हणतात. तीच वजाबाकी एकदा नवऱ्याच्या पगारातून करून बघा! शिवाय पाळणाघराची फी दोन-तीन वर्षांची. सोडलेली नोकरी, थांबलेला पीएफ आणि पगारवाढी त्यानंतर तशाच मिळत नाहीत. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय देणं 2017 च्या दुरुस्तीपासून कायद्यानं बंधनकारक आहे. एचआरला आधी ते विचारा.

खरी गोम पुढे आहे. 2024 च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला 289 मिनिटं वेळ गेला, ते करणाऱ्या पुरुषांचा 88. “मी मदत करतो की” यानं हे अंतर मिटत नाही. खाती वाटा. डबा ज्याचा, त्यानं भाजी संपल्याचंही लक्षात ठेवायचं. लसीची तारीख ज्याची, त्यानंच रजा टाकायची. शिफ्ट बदलली की वाटणीही त्या आठवड्यापुरती बदला, रात्रपाळीहून आलेल्या माणसाला सकाळी टाकीपाशी उभं करू नका.

माझं मत दोन पगारांकडे. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल आणि दुसरा इलाजच नसेल, तर ज्याची नोकरी जास्त डळमळीत त्यानं सोडावी, मग तो नवरा का असेना.