पीएचक्यू-९ की जीएचक्यू-१२? छोट्या दवाखान्यासाठी एक निवड

तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरकडे ‘मला नैराश्य आले आहे’ असे सांगत सहसा कोणी येत नाही. अंग ठणकते, डोके भणभणते, छातीत धडधडते, अशक्तपणा जात नाही, एखादी सलाईन लावा, अशा तक्रारी घेऊन माणसे येतात. आणि हिमोग्लोबिन, साखर, टीएसएच, ईसीजी असे सगळे पाहून झाल्यावर त्यांतल्या काहींचे दुखणे मनाचे असावे, अशी शंका येते. भरल्या ओपीडीत ती शंका वेळेवर येतेच असे नाही, म्हणून हाताशी एखादी प्रश्नावली असावी असे वाटू लागते. बहुतेकांची निवड मग पीएचक्यू-९ आणि जीएचक्यू-१२ या दोन नावांपाशी येते: पहिली गेल्या दोन आठवड्यांतील नैराश्याची लक्षणे मोजणारी नऊ प्रश्नांची, दुसरी एकूण मानसिक ताण हेरणारी बारा प्रश्नांची. मी आधी सुमारे दीड वर्ष जीएचक्यू-१२ वापरली आणि त्यानंतर आजवर पीएचक्यू-९ वापरतो आहे.

जीएचक्यूची थोरवी मान्य करूनच पुढे जायला हवे. डेव्हिड गोल्डबर्ग यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी लंडनमध्ये साठ प्रश्नांची मूळ प्रश्नावली तयार केली. बारा प्रश्नांची ही तिची सर्वांत आटोपशीर आवृत्ती. ती एकट्या नैराश्याच्या मागे लागत नाही. चिंता, ताण, आत्मविश्वास खचणे, रोजच्या कामात लक्ष न लागणे, हे सारे तिच्या जाळ्यात येते, आणि आपल्याकडे येणाऱ्या रुग्णांत चिंता व नैराश्य बहुधा एकमेकांत मिसळलेलेच असतात. गोव्यातील प्राथमिक आरोग्यसेवेत आलेल्या रुग्णांवर पाच प्रश्नावल्यांची तुलना करणारा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात जीएचक्यू आणि एसआरक्यू (जागतिक आरोग्य संघटनेची अशीच एक प्रश्नावली) या दोन सरस ठरल्या, पीएचक्यू नव्हे. तेव्हा आकड्यांवरच निर्णय घ्यायचा असेल, तर माझे मत थोडे बाजूला ठेवावे लागेल, हे मी आधीच सांगून टाकतो.

माझी अडचण एका शब्दापाशी झाली. जीएचक्यूचे जवळजवळ सगळे पर्याय ‘नेहमी’ या शब्दाभोवती फिरतात: नेहमीपेक्षा जास्त, नेहमीइतकेच, नेहमीपेक्षा कमी. पंचेचाळिशीच्या एक बाई अंगदुखीसाठी महिन्यातून दोनदा येत असत. एके दिवशी सिस्टरने त्यांना प्रश्न वाचून दाखवले. काळजीने झोप उडते का? ‘नेहमीसारखंच.’ सतत ताण वाटतो का? ‘नेहमीसारखाच.’ रोजच्या कामात गोडी वाटते का? ‘नेहमीसारखीच हो, त्यात काय नवीन.’ ‘नेहमीसारखे’ या उत्तराला गुणच नसल्याने बारापैकी गुण झाले दोन, आणि मी पुन्हा कॅल्शियम व वेदनाशामक लिहून दिले. चार महिन्यांनी त्यांची बहीण त्यांना हाताला धरून घेऊन आली. तेव्हा मी विचारले, ‘ताई, नेहमी म्हणजे कधीपासून?’ त्या म्हणाल्या, ‘धाकटा दुसरीत होता, तेव्हापासून.’ तो मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. पहाटे तीनला जाग येणे, जेवणावरची वासना उडणे, कोणाकडे जावेसे न वाटणे, हीच त्यांची ‘नेहमीची’ स्थिती होऊन बसली होती, आणि प्रश्नावली त्या स्थितीलाच प्रमाण मानून मोजमाप करत होती. त्याच दिवशी पीएचक्यू-९ विचारली, तर सत्तावीसपैकी गुण सतरा आले.

हा दोष सर्वांत आधी माझ्याच नजरेला पडला असे नव्हे. जुनाट आजारात जीएचक्यू कमी गुण देते, हे अभ्यासकांना पूर्वीपासून ठाऊक आहे, आणि नकारार्थी प्रश्नांतील ‘नेहमीइतकेच’ या उत्तरालाही गुण देण्याची एक पर्यायी पद्धत त्यासाठीच सुचवली गेली आहे. मी ती करून पाहिली. परंतु काही प्रश्न होकारार्थी, काही नकारार्थी, त्यांचे पर्याय वेगवेगळे आणि वर गुणांची ही निराळी रीत, हे सारे वाचून दाखवता दाखवता सिस्टरही गोंधळत आणि मीही. ज्यांचे रुग्ण स्वतः वाचून खुणा करतात, त्यांना हा त्रास बहुधा होणार नाही. शिवाय जीएचक्यूसाठी प्रकाशकाचा परवाना लागतो; पीएचक्यू-९ मात्र कोणाचीही परवानगी न घेता छापता, वापरता, भाषांतरित करता येते.

पीएचक्यू-९ निर्दोष आहे असे मुळीच नाही. ‘निम्म्याहून अधिक दिवस’ हा पर्याय आमच्याकडे कोणालाच धड कळत नाही. मी आता पंधरवडा आठवडी बाजारावर मोजायला लावतो: ‘मागच्याच्या मागच्या बाजारापासून आजपर्यंत किती दिवस असं झालं?’ असे विचारले की माणूस बोटांवर मोजून सांगतो. हालचाल मंदावणे आणि अस्वस्थ येरझाऱ्या घालणे एकाच वाक्यात कोंबणारा आठवा प्रश्न दोन तुकड्यांत विचारावा लागतो. थकवा, भूक व झोप यांचे गुण मधुमेह, रक्तक्षय किंवा क्षयरोग असलेल्या रुग्णात फुगतात, त्यामुळे अशा वेळी मी पहिल्या दोन प्रश्नांच्या उत्तरांकडे, म्हणजे गोडी गेली आहे का आणि मन उदास आहे का, याकडे अधिक लक्ष देतो. चिंता तिच्यातून निसटते. तेथे जीएचक्यू नक्कीच वरचढ आहे, आणि मला जीएडी-७ या चिंतेच्या प्रश्नावलीचे सात प्रश्न वेगळे जोडावे लागतात.

तरीही तराजू माझ्यासाठी झुकतो तो नवव्या प्रश्नामुळे. मरून गेलेले बरे, असे विचार येतात का, हे जीएचक्यू-१२ विचारतच नाही. पहिले काही दिवस हा प्रश्न माझ्याच तोंडून फुटत नसे. विचारल्याने नको तो विचार डोक्यात भरेल, अशी भीती मलाही वाटे. तसे होत नाही. उलट ‘जीव नकोसा होतो का हो?’ असे हळू आवाजात विचारल्यावर कित्येक जण, कोणीतरी विचारले एकदाचे, अशा चेहऱ्याने पाहतात. या प्रश्नाला शून्याखेरीज कोणतेही उत्तर आले, तर एकूण गुण कितीही असोत, मी घरच्यांना बसवून घेतो, फवारणीचे औषध घरात कोठे ठेवले आहे ते विचारतो, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना फोन करतो आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक केसपेपरवर लिहून देतो.

निदान मात्र दोन्हींपैकी कोणतीही प्रश्नावली करत नाही, आणि याबाबत मी फार आग्रही आहे. पीएचक्यू-९ वर दहा किंवा त्याहून अधिक गुण आले की थायरॉईड, दारू, सुरू असलेली औषधे आणि नुकतेच घरात घडलेले मृत्यू यांची विचारपूस होते. घरच्यांना मी आणखी एक विचारतो: पूर्वी कधी आठवडाभर झोपेवाचून अंगात वारे भरल्यासारखे वागणे, भरमसाट बोलणे, पैसे उधळणे असे झाले होते का? तसे असेल तर तो द्विध्रुवीय आजार असू शकतो, आणि नुसते नैराश्याचे औषध दिल्यास रुग्ण उन्मादात जाण्याची भीती असते. हे दोन्ही प्रश्नावल्या विचारत नाहीत.

कारखान्यातील किंवा महाविद्यालयातील तपासणी शिबिरात, जेथे एका दिवसात ताणाचा सरसकट अंदाज हवा आहे आणि सगळे वाचू शकतात, तेथे मी आजही जीएचक्यू-१२ कडे वळेन. पण तेच तेच रुग्ण वर्षानुवर्षे येतात अशा दवाखान्यात, उपचारानंतर महिन्याने गुण सतरावरून नवावर आले हे केसपेपरच्या कोपऱ्यात लिहून ठेवता येते, रुग्णालाही दाखवता येते. त्या बाईंचा जुना केसपेपर माझ्याकडे आहे. त्यावर सतरा, चौदा, नऊ, सहा असे आकडे एकाखाली एक लिहिलेले आहेत, आणि मधल्या एका भेटीत अंगदुखीचा उल्लेखच नाही.