बॉस ओडीबी-३ : घरी भारी, बँडमध्ये गायब, मग नॉब फिरवत बसलो त्याची गोष्ट

आधीच सांगून टाकतो, हे पेडल, म्हणजे बास गिटारचा आवाज फाडणारा, पायाने चालू-बंद करायचा डबा, मी दोनदा विकायला काढलं होतं. एकदा तर एकजण बघायला घरी पण आला, चहा प्यायला, दहा मिनिटं वाजवलं आणि "विचार करून सांगतो" म्हणून गेला तो गेलाच. बरं झालं गेला. आता गिगला निघताना हे घरी राहिलं असं लक्षात आलं तर मी अर्ध्या रस्त्यातून गाडी वळवतो. पेडल तेच आहे, फक्त मधल्या दीड वर्षात नॉब कुठे ठेवायचे ते मला हळूहळू कळलं, आणि ते आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं म्हणून हे लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बॉस कंपनीचं पिवळं बास ओव्हरड्राइव्ह (बासचा आवाज मुद्दाम फाडणारं), १९९४ पासून बनतंय, तोच तो बॉसचा दणकट धातूचा डबा, वर पाय मारायची पाटी, पाटीखाली ९ व्होल्टची बॅटरी. कंट्रोल बघायला गेलं तर लेव्हल (एकूण आवाज), मग एकावर एक बसवलेले हाय (वरचे सूर) आणि लो (खालचे सूर), मग बॅलन्स (स्वच्छ आणि फाटलेला किती, पुढे सांगतो), मग गेन (आवाज किती फाडायचा). मिडचा, म्हणजे मधल्या सुरांचा, नॉब नाही, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मी सेकंडहँड घेतलं, साडेपाच हजारात, कोपऱ्यांवरचा रंग उडालेला पण आवाजाला काही फरक पडत नाही.

माझा सेटअप म्हणजे जॅझ बास टाइपचा, दोन पिकअपचा (पिकअप म्हणजे तारांखालचे आवाज पकडणारे चुंबक), चार तारांचा बास, घरी १५ वॅटचा छोटा अँप, जॅम रूममध्ये त्यांचा असेल तो १०० वॅटचा कॉम्बो. बँडमध्ये दोन गिटार, कीबोर्ड, ड्रम्स आणि ढोलकी. हो ढोलकी, कारण आम्ही निम्मी स्वतःची रॉक गाणी करतो आणि निम्मी लोकांना नाचवायची, गणपतीत कार्यक्रम मिळायचे असतील तर दुसरा मार्ग नाही. आता या मिक्समध्ये बासची अवस्था काय होते ते सांगतो. खाली ड्रम्सचा किक धपधप करतो, ढोलकीच्या डाव्या बाजूचा घुमारा नेमका त्याच शेजारी येऊन बसतो, आमच्या कीबोर्डवाल्याला डाव्या हाताने बास वाजवायची ऑर्केस्ट्रातली जुनी सवय आहे ती सुटत नाही, वर दोन गिटारी सगळा मिड खाऊन बसल्यात आणि त्याच्याही वर झांजांचा किणकिणाट. मी काय वाजवतोय हे फक्त मला आणि माझ्या बोटांना माहीत.

म्हणून ओव्हरड्राइव्ह. घरी आणल्या आणल्या अँपला लावलं, गेन तीन वाजता (म्हणजे नॉबची खूण घड्याळाच्या काट्यासारखी तीनवर), बॅलन्स पूर्ण उजवीकडे, लो वर, हाय वर, आणि काय सांगू, अंगावर काटा. लेमी किल्मिस्टर रिकनबॅकर बास घेऊन मार्शल अँपमधून जो राडा करायचा मोटरहेड या रॉक बँडमध्ये, तो माझ्या बेडरूममध्ये चाललाय असं वाटलं. आई दार उघडून म्हणाली, "अरे स्पीकर फाटला की काय?" मी खूश. दुसऱ्या दिवशी त्याच सेटिंगवर जॅम रूममध्ये पाय मारला आणि बास गायब झाला. कमी नाही हो, गायब. एक मच्छर गुणगुणल्यासारखं काहीतरी वर ऐकू येत होतं आणि खाली पोकळ. ड्रमर थांबून म्हणाला, "अरे, तू वाजवतोयस ना?"

याचं कारण कळायला मला फार वेळ लागला पण आहे सोपं. हळू आवाजात आपल्या कानाला खालचे आणि वरचे सूर कमी ऐकू येतात, फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच हे मोजून ठेवलंय. म्हणून घरी बारीक आवाजात आपण लो पण वाढवतो आणि हाय पण वाढवतो, आणि ते गोड लागतं. तेच बँडच्या आवाजात नेलं की लो किकशी आणि ढोलकीशी मारामारी करतो, हाय झांजांमध्ये विरघळतो, आणि मधे जिथे खरा बास ओळखू येतो तिथे आपण काहीच ठेवलेलं नसतं. दुसरी गोष्ट गेनची. बासची खालची ई तार ४१ हर्ट्झला वाजते, एवढा खालचा आवाज दाबून क्लिप केला, म्हणजे त्याची टोकं छाटली, की त्याचा चिखल होतो, आणि क्लिपिंग म्हणजे शेवटी कॉम्प्रेशनच, लहान-मोठा आवाज एकाच पातळीला आणणं, तारेला बोट लागल्याचा जो ठोका असतो तो चेपला जातो. आणि ड्रम्सच्या गोंगाटातून समोर पोचतो तो नेमका ठोकाच. म्हणजे जितका गेन जास्त तितकं एकट्याला जोरदार वाटतं आणि बँडमध्ये तितकंच मागे जातं.

आता या पेडलची खरी कमाई म्हणजे बॅलन्स. डावीकडे तुमचा मूळ स्वच्छ बास, उजवीकडे फाटलेला, मधे दोघांचं मिश्रण. गिटारचे ओव्हरड्राइव्ह बासला लावून बघितलेत त्यांना हे पटेल, ट्यूब स्क्रीमरसारख्या गिटारच्या पेडलमध्ये गेनच्या स्टेजलाच ७२० हर्ट्झच्या खालचं कमी कमी होत जातं, गिटारला ते वरदान, बासचं मात्र बूड निघून जातं. इथे बूड स्वच्छ बाजूकडून येतं आणि दात फाटलेल्या बाजूकडून. फक्त हे मिश्रण घरी ऐकलं की वाटतं दोन वेगवेगळे माणूस वाजवतायत, खाली एक गुळगुळीत आणि वर एक खरखरीत, आणि आपण चिडून बॅलन्स परत उजवीकडे नेतो. नेऊ नका. बँड सुरू झाला की मधली फट गिटारी बुजवतात आणि ते एकच वाद्य वाटायला लागतं. हे मी सांगून पटणार नाही, जॅमला फोन रेकॉर्डिंगला लावून खोलीच्या लांबच्या कोपऱ्यात ठेवा आणि घरी येऊन ऐका, मला तसंच पटलं.

माझं सध्याचं सेटिंग, सगळं घड्याळाच्या हिशेबात. गेन साडेनऊ, फार फार तर दहा, यापुढे नेला की हे पेडल ओव्हरड्राइव्ह राहत नाही, फझ्झच्या, म्हणजे पार फाटलेल्या खरखरीत आवाजाच्या, गावाला जातं, ज्यांना ते हवंय त्यांना मजा आहे पण ढोलकीसोबत नाही. बॅलन्स अकरा. लो बाराच्या जरासा पुढे, कारण पेडल चालू केल्यावर खालचं थोडं कमी वाटतं, पण एकपेक्षा जास्त नेला तर हॉलमध्ये घूं होतं. हाय दहा वाजता, आणि हे जाणूनबुजून, पुढे सांगतो का ते. लेव्हल असा लावायचा की पेडल चालू बंद केल्यावर आवाज जवळपास सारखा राहील, अगदी किंचित वर. नाहीतर होतं काय, आवाज मोठा झाला की माणसाला तो चांगलाच वाटतो आणि मग आपण चुकीच्या सेटिंगच्या प्रेमात पडतो.

आणि मिड? तो पेडलवर नाही तर अँपवर शोधायचा. ७०० ते १००० हर्ट्झच्या आसपास जो गुरगुराट असतो ना, कुत्रं चावायच्या आधी करतं तसा, तो अँपच्या मिडने वाढवायचा, माझ्याकडे लो-मिड आणि हाय-मिड वेगळे असले तर मी हाय-मिड हलकासा वर करतो आणि लो-मिडला हात लावत नाही. दुसरं, जॅझ बासचे दोन्ही पिकअप फुल ठेवले की मधे थोडा खड्डा पडतो, पुढच्या, म्हणजे गळ्याकडच्या, पिकअपचा व्हॉल्यूम पावभर कमी करा, बास एकदम नाकातून बोलायला लागतो, घरी हे ऐकायला घाण वाटेल, बँडमध्ये हेच पाहिजे. तोटा एकच, दोन्ही पिकअप सारखे असताना दबलेला विजेचा हम्म, ते सारखे नसले की परत येतो, आणि ओव्हरड्राइव्ह तो हम्म मोठा करून दाखवतो. आमच्या एका जॅम रूमचं अर्थिंग देवाच्या भरवशावर आहे, तिथे तारांवरून हात काढला की फ्रीज चालू झाल्यासारखा आवाज. तिथे मी गपचूप दोन्ही पिकअप फुल करतो आणि अँपवरून मिड वाढवतो.

आता हायचं. अँपमधला बासचा स्पीकर चार-पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं वाजवत नाही, त्यामुळे पेडलची सगळी किसकिस तो आपोआप गाळतो. आपल्याकडे कार्यक्रमात अँप असतोच असं नाही, बऱ्याचदा साउंडवाला एक डीआय बॉक्स (वाद्य अँपशिवाय साउंड सिस्टीमला जोडणारा डबा) देतो आणि थेट पीएमध्ये, म्हणजे हॉलच्या मोठ्या स्पीकरांत. पीएचा हॉर्न, म्हणजे वरचे सूर वाजवणारा भोंगा, काही गाळत नाही, उलट मिटक्या मारत वाजवतो. पहिल्यांदा मी असा थेट गेलो तेव्हा समोरून तेल तापल्यासारखं चर्र आलं, साउंडवाल्या दादांनी लांबून हात वर करून "बास!" म्हटलं, मला वाटलं बास मागतायत, मी अजून जोरात वाजवलं, ते "अहो बास, बास!" करत धावत आले. तेव्हापासून पीएला जायचं असेल तर हाय नऊ वाजता आणि बॅलन्स अजून जरा डावीकडे. ज्यांना कायम डीआयवरच वाजवायचंय त्यांनी खरं तर टेक २१ कंपनीचा सॅन्सअँप बास ड्रायव्हर हा डबा बघावा, त्यात स्पीकरसारखं गाळणं आतच आहे आणि साउंडवाल्याच्या केबलला थेट जोडायचा एक्सएलआर जॅक पण मिळतो, किंमत मात्र त्या मानाने.

एक बारीक गोष्ट, अँप तुमच्या गुडघ्यांशी वाजत असतो आणि कान असतात पाच फुटांवर. त्यामुळे आपण उभे असतो तिथे हाय ऐकूच येत नाही, आपण वाढवतो, आणि समोर बसलेल्यांचे कान किटतात. अँप खुर्चीवर ठेवा नाहीतर पुढच्या बाजूला वीट लावून मागे कलवा. फुकटात निम्मा प्रॉब्लेम सुटतो.

बॅटरीबद्दल, इनपुटला केबल लावली की पेडल चालू, मग दिवा लागलेला असो वा नसो. मी एकदा रात्रभर केबल तशीच ठेवली आणि सकाळी कार्यक्रमाच्या आधी तो लाल दिवा मिणमिणत होता. अ‍ॅडॉप्टर घेणार असाल तर ९ व्होल्ट, मधली पिन निगेटिव्ह, आणि दोन पैसे जास्त घालून बरा घ्या, माझा पहिला लोकल अ‍ॅडॉप्टर स्वतःच सा लावून बसायचा.

घ्यावं का? तीनपीस बँड असेल, एकच गिटार असेल, तर डोळे झाकून, गिटार सोलोला गेली की मागची जागा हे पेडल एकटं भरतं, तिथे गेन अकरापर्यंत नेला तरी चालतो कारण भांडायला कोणी नाही. आमच्यासारखी सहा जणांची वरात असेल तरी घ्या पण वर सांगितलं तसं कंजुषीने वापरा. फक्त गुळगुळीत ट्यूब अँपसारखा हलका गोडवा हवा असेल तर हा माणूस तो नाही, याचा स्वभाव मुळात तिखट आहे.

बॅगेत टाकलं की बॅलन्सचा नॉब घासून फिरतो म्हणून मी ताईच्या नेलपॉलिशने अकरावर एक ठिपका दिलाय. परवा ढोलकीवाल्या काकांनी विचारलं, "ते कुंकू कशाला लावलंय रे?" मी म्हटलं, काका, तुमच्यातून ऐकू यायला. ते म्हणाले, "हां, हल्ली येतोस खरा."